ते वीस डॉलरचं नाणं

कुणी धारा काढून आल्या असाल, कुणाची चूल नुकती पेटली असेल, कुणाच्या मांडीवर नातू असेल. हातातलं काम थांबवू नका, फक्त कान इकडं द्या.

आज सोन्याबद्दल बोलायचंय, पण बोरमाळ-गंठणाबद्दल नाही. अमेरिकेच्या जुन्या सोन्याच्या नाण्यांबद्दल. तुम्ही म्हणाल, हिला झालंय काय? इथं टोमॅटोला भाव नाही आणि ही अमेरिकेला निघाली. पण मैत्रिणींनो, त्या अमेरिकेच्या नाण्यानं आपल्यातल्याच एका बाईचे २८,७५० रुपये खाल्लेत. म्हणून बोलायचं.

गोष्ट मागच्या श्रावणातली. मी ज्या बचत गटांचं काम बघते, त्यातल्या एका गटाची बैठक होती. आमची एक आक्का, पन्नाशीच्या पुढची, नऊ वर्षांत एकदाही हप्ता न चुकवलेली, त्या दिवशी मागं भिंतीला टेकून बसली. तिची पाळी आली तशी म्हणाली, “पुढच्या महिन्यात दोन्ही भरते.” पुढच्या महिन्यात ती आलीच नाही. मी घरी गेले. चहा झाला, पाऊसपाण्याचं बोलून झालं आणि मग तिनं पदरात तोंड लपवलं. तिचं नाव सांगत नाही. पण गोष्ट रेडिओवर सांग, असं तिनंच मला सांगितलंय.

तिच्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला होता. अमेरिकेचं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं, त्यावर हातात मशाल घेतलेली बाई, आणि ते नाणं शंभर कोटींच्या वर विकलं गेलं म्हणून बातमी. खाली लिहिलेलं, “तुमच्याकडं जुनं नाणं आहे? फोटो पाठवा, लाखो मिळवा.” आक्काकडं सासूच्या डबीतला राणीच्या छापाचा चांदीचा एक रुपया होता. तिनं नातवाकडून फोटो पाठवला. अर्ध्या तासात फोन आला. ३८ लाख देतो म्हणाला. आधी नोंदणीचे १,५५० भरा. भरले. मग जीएसटीचे ९,२०० भरा. भरले. मग रिझर्व्ह बँकेचं पत्र लागतं, त्याचे १८,०००. ते तिनं गटातून मुलीच्या फीसाठी म्हणून कर्ज काढून भरले. मग फोन बंद झाला.

मी तिला बोलणार होते, पण बोलले नाही. तिनंच मला एक प्रश्न विचारला. “ताई, ते सगळं खोटं निघालं, ते कळलं. पण ते अमेरिकेचं नाणं तरी खरं का गं?”

मला सांगता येईना. मी बी.ए. झालेली, गटांच्या वह्या तपासणारी, आणि मला सांगता येईना. त्यातून मी खानापूर तालुक्याची. आमच्या भागातल्या घरोघरचं कुणीतरी गलाईच्या धंद्यात परराज्यात असतं. माझे वडीलही तमिळनाडूत गलाईचं दुकान चालवायचे. मुशीत सोनं वितळवायचं, तेजाबानं शुद्ध करायचं, टंच काढून लगड हातात द्यायची. सोन्याची गोष्ट माहीत नाही म्हणायची मला लाज वाटली. मग वाचत बसले. जे समजलं ते तुम्हाला सांगते.

तर आक्का, तू ऐकत असशील. ते नाणं खरं आहे. २०२१ सालच्या जून महिन्यात न्यूयॉर्कमध्ये लिलावात ते १ कोटी ८९ लाख डॉलरला गेलं. तेव्हाच्या दरानं सव्वाशे कोटी रुपयांच्या वर. आणि त्यातलं सोनं किती? नाण्याचं वजन साडेतेहतीस ग्रॅमच्या जवळपास, म्हणजे तीन तोळ्याला थोडं कमी. ते शंभर टंचाचंही नाही. अमेरिकेच्या जुन्या नाण्यांत दहा भागांतले नऊ भाग सोनं आणि एक भाग मुख्यतः तांबं असायचं, ते घासून झिजू नये म्हणून. आपल्या बावीस कॅरेटपेक्षा किंचित कमीच. तीन तोळ्यांच्या आतलं सोनं, आजच्या भावानं तुम्हीच गुणून बघा आणि मग सव्वाशे कोटी आठवा. हे बाकीचे पैसे कशाचे?

ह्याचं उत्तर मला अमेरिकेच्या टांकसाळीच्या इतिहासात सापडलं.

अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा तिची स्वतःची टांकसाळही नव्हती. न्यूयॉर्कात एफ्राइम ब्रॅशर नावाचा सोनार होता. त्यानं १७८७ साली सोन्याची नाणी पाडली आणि त्यावर स्वतःच्या नावाची दोन अक्षरं ठोकली, ईबी. म्हणजे माझ्या जबाबदारीवर हे सोनं शुद्ध आहे. आपण आता दागिन्यावर हॉलमार्क बघतो ना, तोच विचार. त्याच्या त्या थोड्याशाच उरलेल्या नाण्यांतलं एक २०२१ साली ९३ लाख डॉलरला विकलं गेलं. सोनाराची दोन अक्षरं, सव्वादोनशे वर्षं टिकली.

मग १७९२ साली फिलाडेल्फिया शहरात सरकारी टांकसाळ निघाली आणि १७९५ पासून सोन्याची नाणी पडू लागली. दहा डॉलरच्या नाण्याला म्हणायचे ईगल, म्हणजे गरुड. पाचचं ते अर्धा गरुड. पुढं १८४८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात एका लाकूड कापायच्या गिरणीच्या पाटात जेम्स मार्शल नावाच्या कारागिराला पाण्यात चमकणारे खडे दिसले. ते सोनं निघालं. नुसती झुंबड उडाली. लोक शेतं, दुकानं, जहाजं टाकून तिकडं धावले. सोनं इतकं निघालं की वीस डॉलरचं मोठं नाणं काढावं लागलं, दोन गरुडांचं. ते १८५० पासून चलनात आलं. १८५४ ला कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोला, वेगळी टांकसाळ उघडली. कुठलं नाणं कुठल्या टांकसाळीचं हे कळावं म्हणून त्यावर बारीक अक्षर असतं. सॅन फ्रान्सिस्कोचं एस, न्यू ऑर्लिन्सचं ओ, नेवाडा राज्यातल्या कार्सन सिटीचं दोनदा सी.

हे संग्रह करणारे लोक आहेत ना, ते भिंगातून पहिलं ते अक्षर बघतात. १८५४ सालचं पाच डॉलरचं नाणं घ्या. त्या वर्षी फिलाडेल्फियात ती लाखाच्या वर पडली. सॅन फ्रान्सिस्कोत फक्त २६८. सोनं तेच, वजन तेच, बाईचा चेहरा तोच. एका बारीक अक्षराचा फरक. त्या २६८ मधली जगात तीनच शिल्लक आहेत असं बरीच वर्षं मानत होते. २०१८ साली चौथं बाहेर आलं. ज्याच्याकडं ते होतं त्याला आधी लोकांनी सांगितलं होतं की हे नकली असणार, असलं नाणं तुझ्याकडं कुठून येईल? त्यानं ते पारखणाऱ्या कंपनीकडं पाठवलं, त्यांनी खऱ्या नाण्यांशी अगदी बारकाईनं ताडून बघितलं, आणि ते खरं ठरलं. वीस लाख डॉलरच्या वर विकलं गेलं.

आता आपल्याला वाटतं, जुनं तेवढं महाग. आक्कालाही तसंच वाटलं. पण नाण्याचं वय हा त्यातला छोटा भाग. १८२२ सालची पाच डॉलरची नाणी टांकसाळीच्या हिशेबात १७,७९६ पडली. आज तीन सापडतात. त्यातली दोन सरकारी संग्रहालयात आणि एकच माणसांच्या हातात. बाकीची कुठं गेली? मुशीत गेली. त्या काळी नाण्यावर लिहिलेल्या किमतीपेक्षा आतल्या सोन्याला जास्त भाव यायचा, म्हणून व्यापारी ती परदेशी न्यायचे आणि वितळवायचे. शेवटी १८३४ साली सरकारनं नाण्यातलं सोनंच कमी केलं. वडिलांची मला इथं आठवण झाली. त्यांच्याकडं कधीकधी गिनी यायची वितळवायला. राणीचा नाहीतर राजाचा चेहरा मुशीत मऊ होताना बघून ते म्हणायचे, “मुशीत गेलं की त्याचं गाव-नाव गेलं, आता नुसतं सोनं.” मी लहान होते, मला ते मजेशीर वाटायचं. आता त्यातला अर्थ कळतो. गलाईवाल्याला सोनं पाहिजे असतं आणि संग्रह करणाऱ्याला ते गाव-नाव.

म्हणूनच तिकडं नाणं घासत नाहीत. हे ऐकून मला धक्काच बसला. आपण दिवाळीच्या आधी काय करतो? चिंच, रिठा, ब्रश, चकाचक. त्यांच्याकडं घासलेल्या नाण्याचा भाव एकदम पडतो. त्याला कडी जोडून गळ्यात घातलं असेल तरी पडतो. त्यांनी नाण्याच्या अवस्थेला एकपासून सत्तरपर्यंत गुण ठरवलेत. एक म्हणजे कसंबसं ओळखू येणारं, सत्तर म्हणजे टांकसाळीतून आत्ता निघाल्यासारखं. १९८६-८७ पासून दोन मोठ्या कंपन्या हे गुण देतात आणि नाणं प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करून त्यावर नंबर टाकतात. म्हणजे विकणारा आणि घेणारा यांच्या मध्ये तिसरा पारखी बसतो. आपण टंच काढायला तिसऱ्याकडं जातो तसं. अर्थात खोट्या पेट्याही निघाल्यात आणि खोटी नाणीही ढिगानं निघालीत. जिथं पैसा तिथं मुंग्या.

आता त्या आक्काच्या व्हिडिओतल्या नाण्याकडं येते. त्यावरची मशालवाली बाई कोण, माहितीय? १९०५ च्या सुमाराला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना वाटलं की आपली नाणी दिसायला अगदी सामान्य आहेत. त्यांनी ऑगस्टस सेंट-गॉडेन्स नावाच्या मोठ्या शिल्पकाराला काम दिलं. त्यानं स्वातंत्र्यदेवी केली, पाऊल पुढं टाकून चालत येणारी, एका हातात मशाल, दुसऱ्या हातात ऑलिव्हची डहाळी, मागं उगवता सूर्य. ती घडवताना त्याच्यासमोर उभी राहणारी एक बाई होती, हेटी अँडरसन, कृष्णवर्णीय. ज्या देशात तेव्हा काळ्या बायकांना मत द्यायला मिळत नव्हतं, धड आगगाडीत बसायला मिळत नव्हतं, त्या देशाच्या सर्वांत सुंदर म्हणवल्या गेलेल्या नाण्यावरच्या स्वातंत्र्यदेवीसाठी ती उभी राहिली. आणि कितीतरी वर्षं तिचं नाव कुणी घेतलंच नाही. शिल्पकार १९०७ च्या ऑगस्टमध्ये वारला. त्यानं नाणं चलनात आलेलं पाहिलंच नाही. पहिल्या नाण्यांवरची नक्षी इतकी उंच होती की एकेका नाण्यावर अनेकदा ठोके द्यावे लागायचे, आणि बँकेत एकावर एक चवडही नीट राहायची नाही. मग नक्षी बसकी केली. ते नाणं १९३३ पर्यंत पडत राहिलं.

१९३३. हे साल लक्षात ठेवा, खरी गोष्ट इथं आहे.

तेव्हा अमेरिकेत मोठी मंदी होती. बँका बुडत होत्या, लोक सोनं काढून घरात दडवत होते. नवे राष्ट्राध्यक्ष आले, फ्रँकलिन रूझवेल्ट. त्यांनी ५ एप्रिल १९३३ ला हुकूम काढला की लोकांनी आपली सोन्याची नाणी, लगडी १ मे पर्यंत बँकेत जमा करायची आणि कागदी पैसे घ्यायचे. माणशी शंभर डॉलरपर्यंतचं सोनं ठेवायला मुभा. न देणाऱ्याला दहा हजार डॉलर दंड किंवा दहा वर्षं कैद. दागिन्यांना हात लावला नाही, आणि संग्रह करणाऱ्यांच्या दुर्मीळ नाण्यांनाही सूट दिली. लोकांनी वीस डॉलरचं नाणं दिलं, वीस डॉलरचा कागद घेतला. आणि पुढच्या जानेवारीत सरकारनं सोन्याचा भाव औंसाला २० डॉलर ६७ सेंटवरून ३५ डॉलर केला. म्हणजे ज्या बाईनं एप्रिलात नाणं देऊन वीस घेतले, त्याच नाण्यातलं सोनं नऊ महिन्यांत जवळजवळ चौतीसचं झालं. फायदा सरकारला. मला हे वाचून त्या बायकांची आठवण येत राहिली, ज्यांनी कायदा पाळला.

आपल्याकडंही असं झालंय बरं का. १९६३ च्या सुमाराला सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायचा नाही असा नियम निघाला. १९६८ ला कायदा झाला, तो १९९० ला गेला. आमच्या भागातले जुने गलाईवाले अजून तो काळ आठवून कानाला हात लावतात.

तर जमा झालेल्या नाण्यांचं काय केलं? वितळवून लगडी केल्या आणि फोर्ट नॉक्स नावाच्या लष्करी ठिकाणी तिजोरी बांधून तिथं ठेवल्या. देशाएवढी मोठी गलाई! लाखो नाणी मुशीत गेली. वाचली ती युरोपातल्या बँकांत गेलेली, नाहीतर लोकांनी लपवलेली.

गंमत अशी की हुकूम निघाला तेव्हाही टांकसाळ चालूच होती. १९३३ साल घातलेली वीस डॉलरची ४,४५,५०० नाणी पडली. पण आता सोनं चलनात द्यायचंच नव्हतं, त्यामुळं त्यातलं एकही कायद्यानं बाहेर गेलं नाही. दोन संग्रहालयाला दिली आणि बाकीची १९३७ साली वितळवली. हिशेब पुरा. पण हिशेबाच्या बाहेर काही नाणी गेलीच. टांकसाळीतून कुणीतरी पळवली, आणि ती फिलाडेल्फियाच्या इस्राएल स्विट नावाच्या सराफाच्या हातून बाजारात आली. सरकारला १९४४ साली सुगावा लागला. मग एकेक शोधून जप्त करून वितळवली.

त्यातलं एक नाणं मात्र इजिप्तच्या फारुक राजानं विकत घेतलं होतं. त्याच्या माणसांनी ते देशाबाहेर न्यायला रीतसर परवाना मागितला, आणि अमेरिकेच्या सरकारी कचेरीनं चुकून तो दिला! राजाची गादी १९५२ ला गेली, त्याच्या वस्तूंचा लिलाव निघाला, अमेरिकेनं नाणं परत मागितलं, तर ते गायब. चाळीस वर्षांनी, १९९६ साली, एक इंग्लिश व्यापारी न्यूयॉर्कच्या हॉटेलात ते विकताना पकडला गेला. खटला चालला. सरकार म्हणे, चोरीचा माल. त्याचा वकील म्हणे, हा बघा तुमचाच परवाना. शेवटी तडजोड झाली की नाणं विकायचं आणि पैसे निम्मे-निम्मे. २००२ साली ते ७५,९०,०२० डॉलरला विकलं गेलं. हे शेवटचे वीस कशाचे? नाणं आजवर सरकारनं चलनात दिलंच नव्हतं, म्हणून घेणाऱ्यानं सरकारला त्याचे वीस डॉलर वेगळे भरले. मला हे इतकं आवडलं! लाखो डॉलर एकीकडं, पण वीसची पावती फाडलीच. हेच नाणं २०२१ साली पुन्हा विकलं, तेच आक्काच्या व्हिडिओतलं.

आता ह्याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. त्या सराफाला मुलगी होती. म्हातारपणी, २००३ साली, तिला घरच्या बँकेतल्या लॉकरमध्ये तसलीच दहा नाणी सापडली. दहा! तिनं लपवली नाहीत. पुढच्या वर्षी टांकसाळीकडं पाठवली, की खरी आहेत का सांगा. टांकसाळीनं सांगितलं, खरी आहेत, आणि परत देणार नाही. ती कोर्टात गेली. २०११ साली पंचांनी सरकारच्या बाजूनं निकाल दिला. मध्ये एकदा वरच्या कोर्टात ती जिंकलीसुद्धा, पण पुन्हा हरली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला. दहा नाणी गेली, एक डॉलर मिळाला नाही.

एकाच वर्षाची, एकाच साच्यातली, एकाच सराफाकडून गेलेली नाणी. एकाला सव्वाशे कोटी, दहांना शून्य. सोन्यात रतीभर फरक नाही. फरक एका कागदाचा, आणि तोही चुकून मिळालेला.

मैत्रिणींनो, मी हे वाचत होते तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि माझ्या डोळ्यापुढं आपली घरं होती. सासूनं सुनेला दिलेली पुतळ्यांची माळ, जिची पावती नाही. आईनं पदराआड लेकीच्या हातात ठेवलेली वाटी. कुणाची, कुणी दिली, कुठं लिहिलेलं नाही. पुतळी हे नाणंच होतं बरं का, इटलीतल्या व्हेनिस शहराचं, त्यावर उभी माणसं कोरलेली म्हणून आपल्या लोकांनी तिला पुतळी म्हटलं.

कॅलिफोर्नियात २०१३ साली एक नवरा-बायको कुत्र्याला फिरवत होते. त्यांच्याच रानात झाडाखाली गंजलेला डबा दिसला. उकरता उकरता आठ डबे निघाले, १,४२७ सोन्याची नाणी, १८४७ ते १८९४ सालची. कुणी पुरली, आजही पत्ता नाही. ज्यानं पुरली त्यानं घरात कुणाला सांगितलं नसणार. त्यांच्या कायद्यानं ती त्यांना ठेवता आली. आपल्याकडं तसं नाही. जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, १८७८ पासूनचा कायदा आहे. विहीर खणताना हंडा लागला म्हणून परस्पर विकायला गेलात तर गुन्हा होतो. आणि शंभर वर्षांवरचं नाणं पुरातन वस्तू धरतात, ते परदेशी पाठवता येत नाही. फोनवरचा माणूस “अमेरिकेचा गिऱ्हाईक आहे” म्हणाला की तिथंच ओळखा.

एक अजून, गटांसाठी. १८५७ साली सेंट्रल अमेरिका नावाची बोट कॅलिफोर्नियाचं सोनं घेऊन न्यूयॉर्कला निघाली आणि वादळात बुडाली. बायका-मुलांना दुसऱ्या जहाजावर उतरवलं म्हणून ती वाचली. सव्वाचारशेच्या आसपास माणसं गेली. १९८८ साली टॉमी थॉम्पसन नावाच्या माणसानं दोन किलोमीटरपेक्षा खोल समुद्रात ती शोधली. त्यासाठी त्यानं दीडशेच्या वर लोकांकडून पैसे गोळा केले होते. सोनं निघालं, विकलं, पण पैसे घातलेल्यांच्या हातात काही पडेना. ते कोर्टात गेले. तो पळाला, २०१५ ला सापडला, आणि उरलेली पाचशे नाणी कुठं आहेत हे सांगत नाही म्हणून कित्येक वर्षं तुरुंगात बसला. बोटीतून वर आलेल्या एकाच वर्षाच्या, एकाच टांकसाळीच्या नाण्यांची संख्या पाच हजारांच्या वर निघाली. तोवर कोऱ्या अवस्थेत दुर्मीळ असलेलं ते नाणं एकदम मुबलक झालं. दुर्मीळपणाही असा पाण्याखालून येऊन मोडतो.

आता आक्काच्या रुपयाकडं. मी तिला घेऊन ओळखीच्या सोनाराकडं गेले. वजन साडेअकरा ग्रॅमच्या वर भरलं, एक तोळा. त्यावर साल १८६२. पण गंमत ऐका, १८६२ चा रुपया म्हणजे १८६२ लाच पडला असं नाही. पुढची दहा-बारा वर्षं टांकसाळी तेच साल घालून रुपये पाडत होत्या. त्यामुळं तो देशभर भरपूर सापडतो. चांदीची किंमत आणि वर थोडं, एवढंच. ३८ लाख नाहीत.

आणि खऱ्या व्यवहारात विकणाऱ्याकडून आधी पैसे मागत नाहीत. लिलाववाले विक्री झाल्यावर त्यातून आपलं कमिशन कापतात. रिझर्व्ह बँकेनं २०२१ च्या ऑगस्टमध्येच जाहीर सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आम्ही नाही आणि आम्ही कसलंही शुल्क घेत नाही. पैसे गेलेच तर लाजू नका, ताबडतोब १९३० ला फोन लावा. आक्कानं दीड महिना लाजण्यात घालवला. आम्ही तक्रार केली, पण पैसे तोवर पुढं सरकले होते. खरी नाणी बघायची हौस असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे, मुंबईला रिझर्व्ह बँकेचं आहे. त्र्यंबकेश्वराला जाताना अंजनेरी वाटेवरच लागतं.

आक्काच्या कर्जाचं गटानं बसून ठरवलं. काही जणी बोलल्या, टाकून बोलल्या. फीसाठी म्हणून कर्ज घेतलं, खोटं सांगितलं, त्याचा राग होता आणि तो बरोबर होता. शेवटी बारा हप्ते पाडून दिले. त्या बैठकीत तिनं तो रुपया आणला होता. सगळ्यांच्या हातातून फिरला. तिची सासू कुठल्या गावची, तिला तो कुणी दिला, हे तिनं सांगितलं आणि आमच्या सचिव वहिनींनी ते गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. मग एक चिठ्ठी तशीच लिहून डबीत रुपयाबरोबर ठेवली. घासायचा नाही, असं मी चारदा बजावलंय.

आक्का, तुझे सात हप्ते झाले. आठवा पाच तारखेला. पुढच्या बुधवारी ह्याच वेळी शेळ्यांच्या लसीकरणाबद्दल पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या मॅडम बोलणार आहेत, वही-पेन घेऊन बसा.